मागच्या वेळी काय सांगितलं होतं?

कंपासला स्मरणशक्ती असते, हे ड्रॉइंग बोर्डावर काम केलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. पाच सेंटिमीटरवर उघडलेला कंपास बाजूला ठेवला, चहा पिऊन आलात आणि पुन्हा उचललात, तरी तो पाच सेंटिमीटरचंच वर्तुळ काढतो. (स्क्रू ढिला नसला तर.) डिव्हायडरचं तेच, आणि मिनी ड्राफ्टर ज्या कोनात घट्ट केला त्या कोनातच राहतो. या आठवणीसाठी कुणी वेगळी सोय केलेली नव्हती. पितळेचा तुकडा हलवल्याशिवाय हलत नाही, एवढंच.

संगणकावर ही फुकटची सोय गेली. प्रोग्रॅम चालतो, संपतो आणि जाताना मेमरीत मांडलेला पसारा आवरून जातो. पुढच्या वेळी काही आठवायला हवं असेल, तर ते कुठंतरी मुद्दाम लिहून ठेवावं लागतं. ऑटोकॅडमध्ये वर्तुळाची कमांड दिली की ती त्रिज्या विचारते आणि मागच्या वेळची त्रिज्या कोनी कंसात दाखवते: <५०>. नुसतं एंटर मारलं की तीच. ही सोय करणाऱ्याने ‘सर्कलरॅड’ नावाचा एक कप्पा राखून ठेवलाय आणि प्रत्येक वर्तुळानंतर त्यात आकडा टाकायची आज्ञा लिहून ठेवलीय. आपण स्वतःची कमांड लिहितो तेव्हा असा कप्पा आपल्यालाच राखावा लागतो. तो कुठं राखायचा हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. या प्रकरणात तेवढंच बघायचंय.

उदाहरण एकच धरू. स्ट्रक्चरल कन्सल्टंटच्या ऑफिसात स्लॅबचं ड्रॉइंग चालू आहे. ड्राफ्ट्समनकडे स्लॅबच्या सळया काढणारी छोटी लिस्प, म्हणजे ऑटोलिस्प या भाषेत लिहिलेली कमांड, आहे. ‘त्याची लिस्प आहे माझ्याकडे’ हे वाक्य अशा ऑफिसात रोज ऐकू येतं. कुणी लिहिली, कधी लिहिली, हे सहसा कुणाला ठाऊक नसतं. ही लिस्प चार गोष्टी विचारते: सळईचा व्यास, दोन सळयांमधलं अंतर, कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) आणि लेअरचं नाव. एका मजल्यावर वीस पॅनेल असतील तर वीस वेळा चार, म्हणजे ऐंशी उत्तरं टाइप करायची, आणि त्यातली बहुतेक तीच ती. तिसऱ्या पॅनेलला माणूस वैतागतो आणि लिस्प लिहिणाऱ्याला शोधू लागतो.

ऑटोलिस्प ही भाषा ऑटोकॅडमध्ये आली ती १९८६ च्या जानेवारीत, २.१८ या आवृत्तीबरोबर. मूळ लिस्प त्याहून बरीच जुनी. जॉन मॅकार्थी यांनी ती १९५८ मध्ये एमआयटीत मांडली, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनासाठी. डेव्हिड बेट्झ यांनी तिची ‘एक्सलिस्प’ नावाची छोटी आवृत्ती केली होती. ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कने ती घेऊन आपल्या कामाला जुंपली. ज्या भाषेत यंत्राला विचार करायला शिकवायचं होतं, ती पुढे जगभरच्या नकाशा काढणाऱ्यांच्या हातात जाऊन जिने, दरवाजे आणि सळया काढू लागली. मला हा प्रवास त्या मूळ स्वप्नापेक्षा कमी वाटत नाही.

त्या काळच्या डॉसवरच्या ऑटोकॅडमध्ये लिस्पच्या वाट्याला येणारी मेमरी पंचेचाळीस हजार बाइटांच्या आत असे. ती दोन भागांत वाटावी लागे. सुरुवातीच्या फाइलमध्ये एका भागाला चाळीस हजार, दुसऱ्याला पाच हजार असं लिहिणं हा तेव्हाचा रिवाज होता. आज मोबाइलवर आलेला एखादा फोटो याच्या शंभरपट भरतो. इतक्या चिंचोळ्या जागेत विसरणं हाच सद्गुण होता. काम झालं की व्हेरिएबल रिकामं करा, जागा सोडा, हे तेव्हाची पुस्तकं पुन्हा पुन्हा बजावत.

विसरण्याची ही सोय भाषेतच बसवलेली आहे. ऑटोलिस्पमध्ये फंक्शन लिहिताना सुरुवातीच्या कंसात एक तिरकी रेघ देतात आणि तिच्यानंतर काही नावं लिहितात. ही नावं त्या फंक्शनपुरती. फंक्शन संपलं की ती पुसली जातात, आधी काही असेल तर ते परत जागेवर येतं. आणि जे नाव या यादीत लिहिलं नाही ते मागं उरतं. ड्रॉइंग उघडं असेतो उरतं. म्हणजे ऑटोलिस्पमध्ये एखादी गोष्ट लक्षात ठेवण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे तिचं नाव यादीत न लिहिणं. यात कोड वाढत नाही, उलट एक शब्द कमी होतो.

मात्र यातूनच गोंधळही जन्मतो. व्यासासाठी ‘डी’ हे नाव वापरलं आणि यादीत टाकलं नाही, तर तो ‘डी’ त्या ड्रॉइंगमधल्या सगळ्या लिस्पना दिसतो. दुसऱ्या कुणाच्या लिस्पमध्ये ‘डी’ म्हणजे दरवाजाची रुंदी असेल, तर सळयांची लिस्प पुढच्या वेळी व्यास म्हणून नम्रपणे <९००> सुचवते. म्हणून जाणकार अशा नावाला दोन्ही बाजूंनी तारांकित करतात आणि पुढे आपल्या लिस्पचं नाव जोडतात. तारका यंत्राला काहीच सांगत नाहीत. त्या वाचणाऱ्यासाठी असतात: हे नाव चुकून सुटलेलं नाही, मुद्दाम मागं ठेवलंय.

आता विचारण्याची रीत. आधी बघायचं, मागचा आकडा आहे का. नसेल तर काहीतरी शहाणा आकडा स्वतः घालायचा, समजा १०. मग तो कोनी कंसात दाखवून विचारायचं. वापरणाऱ्याने नवा आकडा दिला तर तो घ्यायचा आणि साठवायचा. नुसतं एंटर मारलं तर जुनाच चालू ठेवायचा. आकडा विचारणारं फंक्शन एंटरवर ‘निल’ म्हणजे काहीच नाही असं उत्तर देतं, त्यामुळे दोन्ही प्रसंग वेगळे ओळखता येतात. मजकूर विचारणारं फंक्शन मात्र एंटरवर निल देत नाही, रिकामी अक्षरमाला देतं. आणि लिस्पच्या दृष्टीने रिकामी अक्षरमाला ही ‘काहीतरी’ असते. व्यासासाठी लिहिलेला कोड जसाच्या तसा लेअरच्या नावासाठी उतरवला की एंटर मारताच आठवणीतलं लेअरचं नाव जाऊन तिथं रिकामं नाव बसतं. नवशिक्यांचे तास या एका फरकात जातात.

विचारण्याआधी शून्य आणि ऋण आकडे नाकारायलाही सांगता येतं. तसं सांगावंच, कारण चुकीचं उत्तर एकदा साठवलं की ते पुढच्या प्रत्येक वेळी सुचवलं जातं.

१९९९ मध्ये ऑटोकॅड २००० आलं आणि एका वेळी अनेक ड्रॉइंग उघडता येऊ लागली. प्रत्येक ड्रॉइंगला लिस्पची स्वतंत्र खोली मिळाली. पहिल्या मजल्याच्या ड्रॉइंगमध्ये साठवलेला व्यास दुसऱ्या मजल्याच्या ड्रॉइंगला दिसेना. लोकांना आधी हा बिघाड वाटला. पण दोन ड्रॉइंगांच्या लिस्पनी एकमेकींच्या आकड्यांत हात घालू नये, हे बरोबरच होतं. तरीही ज्यांना वाटून घ्यायचंय त्यांच्यासाठी व्हिज्युअल लिस्पने, म्हणजे ऑटोलिस्पच्या वाढीव रूपाने, एक सार्वजनिक फळा दिला, त्याचं नावच ब्लॅकबोर्ड. त्यावर लिहिलेलं सगळ्या उघड्या ड्रॉइंगांना वाचता येतं. ऑटोकॅड बंद झालं की फळा पुसला जातो.

ऑटोकॅड बंद करून उद्या सकाळी उघडल्यावरही आकडा आठवायला हवा असेल, तर तो मेमरीतून बाहेर काढून डिस्कवर ठेवायला लागतो. वाटा बऱ्याच आहेत. ‘सेटएन्व्ह’ आणि ‘गेटएन्व्ह’ ही जोडी विंडोजच्या रजिस्ट्रीत, ऑटोकॅडच्या स्वतःच्या कोपऱ्यात लिहिते-वाचते. रजिस्ट्रीत थेट लिहिणारी व्हिज्युअल लिस्पची फंक्शनं आहेत. स्वतःची टेक्स्ट फाइल उघडून त्यात ओळी लिहिता येतात. एक फरक ध्यानात ठेवण्याजोगा: ऑटोकॅडच्या कोपऱ्यातलं टिपण आवृत्तीगणिक वेगळं असतं, म्हणून नवी आवृत्ती बसवल्यावर लिस्पला सगळं नव्याने सांगावं लागतं. स्वतःच्या नावाची वेगळी जागा रजिस्ट्रीत केली तर ती टिकते.

पण ‘सेटएन्व्ह’ला फक्त अक्षरं कळतात. आकडा द्यायचा तर त्याचा मजकूर करून द्यायचा आणि परत घेताना मजकुराचा आकडा करायचा. मजकूर करणारं फंक्शन, वेगळं काही सांगितलं नाही तर, त्या ड्रॉइंगमध्ये ठरवलेल्या एककांच्या पद्धतीने आणि तेवढ्याच दशांश स्थळांपर्यंत लिहितं. दोन स्थळं ठरलेली असतील तर १२.३४८ आत जातो आणि १२.३५ बाहेर येतो. सळईच्या व्यासाला याने काही होत नाही. सर्व्हेच्या निर्देशांकांना होतं.

फूट-इंचांची गंमत याहून मोठी. आपल्याकडे बंगल्यांची आणि अंतर्गत सजावटीची पुष्कळ ड्रॉइंग अजून फूट-इंचांत होतात. तिथं १८ इंच या आकड्याचा मजकूर १ फूट ६ इंच असा, चिन्हांसकट लिहिला जातो. तो परत वाचताना साधं फंक्शन पहिला आकडा घेतं आणि चिन्ह दिसताच थांबतं. अठरा गेले, एक परत आला. कुठंही चूक दाखवली जात नाही, लिस्प बिनतक्रार चालते, फक्त पुढच्या वेळी <१> सुचवते. उपाय छोटा आहे: साठवताना नेहमी दशांश पद्धत आणि भरपूर स्थळं स्पष्ट सांगायची, ड्रॉइंगची एककं काहीही असोत. दाखवताना हवं तसं सजवून दाखवा. साठवताना सजावट नको.

काही जण सगळी उत्तरं एका यादीत घालून ती यादीच मजकूर करून टाकतात आणि वाचताना लिस्पलाच तिची पुन्हा यादी करायला सांगतात. वाट सुबक आहे. पण यादी छापताना दशांश आकडे सहाच अर्थपूर्ण अंकांपर्यंत छापले जातात, म्हणजे १२.३४५६७८९ चा १२.३४५७ होतो. पुन्हा तोच प्रश्न, फक्त जास्त चांगल्या कपड्यांत.

इथवर आठवण कशी ठेवायची ते झालं. खरा प्रश्न आठवण कुणाची हा आहे, आणि लिस्प लिहिणाऱ्यांपैकी बरेच जण तो विचारतच नाहीत. जिथं सोपं तिथं ठेवून मोकळे होतात.

ऑटोकॅडच्या मदत-पुस्तिकेत प्रत्येक सिस्टिम व्हेरिएबलच्या माहितीत एक ओळ असते: हे कुठं साठवलं जातं. ती ओळ वाचत गेलं तर बनवणाऱ्यांनी हा प्रश्न किती बारकाईने सोडवलाय ते कळतं. फिलेटची, म्हणजे गोल केलेल्या कोपऱ्याची, त्रिज्या ड्रॉइंगमध्ये साठवली जाते. वर्तुळाची कुठंच साठवली जात नाही. ऑटोकॅड मिटलं की गेली. चालू लेअर आणि एककं ड्रॉइंगमध्ये. पिकबॉक्सचा, म्हणजे कर्सरवरच्या चौकोनाचा आकार मात्र रजिस्ट्रीत. का? कारण फिलेट हा त्या वस्तूच्या आकाराचा भाग आहे. एखाद्या कास्टिंगच्या सगळ्या कोपऱ्यांना सहसा एकच त्रिज्या असते आणि ड्रॉइंग महिन्याभराने उघडलं तरी तीच लागणार असते. वर्तुळं कितीही आकारांची निघतात. आणि पिकबॉक्स ड्रॉइंगचा नव्हेच. तो डोळ्यांचा आणि मॉनिटरचा आहे. साठीच्या माणसाला मोठा लागतो, पंचविशीच्या पोराला छोटा चालतो, ड्रॉइंग तेच असलं तरी.

आपल्या सळयांच्या लिस्पला हीच कसोटी लावून बघा. व्यास आणि अंतर हे त्या इमारतीच्या डिझाइनमधून येतात, तेव्हा ती ड्रॉइंगची आठवण. दुसऱ्या प्रोजेक्टचं ड्रॉइंग उघडल्यावर या प्रोजेक्टचा व्यास सुचवणं चूकच. लेअरचं नाव ऑफिसच्या पद्धतीतून येतं. उत्तरं कमांड लाइनवर द्यायची की डायलॉग बॉक्समध्ये, हे वापरणाऱ्याच्या आवडीचं, ते रजिस्ट्रीत. कव्हर मधलंच आहे: भारतीय मानक ४५६ प्रमाणे ते इमारत कसल्या हवेत उभी राहणार यावर ठरतं, सौम्य वातावरणाला २० मिमी, मध्यमला ३०, तीव्रला ४५. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची इमारत आणि सोलापुरातली इमारत एकाच टेबलावर एकाच आठवड्यात काढणारा ड्राफ्ट्समन असतो. त्याचं कव्हर रजिस्ट्रीत ठेवलं, तर सोलापूरचा आकडा समुद्राकाठी जाऊन बसेल.

ड्रॉइंगच्या आत आठवण ठेवण्यासाठी फार पूर्वीपासून एक तयार सोय आहे: पाच पूर्णांकांसाठी आणि पाच दशांश आकड्यांसाठी असे मोकळे कप्पे, युजरआय आणि युजरआर नावाचे, एक ते पाच क्रमांकांचे. शब्दांसाठीही पाच आहेत, युजरएस. पण शब्दांचे कप्पे ड्रॉइंगबरोबर साठवले जात नाहीत, हे लोकांना ड्रॉइंग पुन्हा उघडल्यावर कळतं. या कप्प्यांना नाव देता येत नाही. युजरआर१ मध्ये तुम्ही व्यास ठेवलात आणि दुसऱ्या कुणाच्या लिस्पने तिथंच जिन्याच्या पायरीची उंची ठेवली, तर दाद मागायची सोय नाही.

त्याहून चांगली जागा म्हणजे डिक्शनरी. प्रत्येक ड्रॉइंगच्या पोटात नावानिशी कप्पे असलेलं एक कपाट असतं. त्यात स्वतःच्या नावाचा कप्पा करून ‘एक्सरेकॉर्ड’ ठेवता येतो. त्यात आकडा आकडा म्हणूनच, पूर्ण अचूकतेने राहतो. मजकूर करून पुन्हा आकडा करायची कसरत वाचते. हा कप्पा ड्रॉइंगबरोबर प्रवास करतो. फाइल ठाण्याच्या आर्किटेक्टकडे जाऊन परत आली तरी आकडे आत असतात. आणि ऑफिसच्या टेम्प्लेट फाइलमध्येच हा कप्पा भरून ठेवला, तर त्यातून निघणारं प्रत्येक नवं ड्रॉइंग ऑफिसचे आकडे घेऊनच जन्माला येतं. ऑफिसच्या आठवणीसाठी वेगळी यंत्रणा उभारायची गरजच पडत नाही.

या जागेचे स्वभाव मात्र ओळखून असावं. एक्सरेकॉर्ड बदलला की ऑटोकॅडच्या दृष्टीने ड्रॉइंग बदललं. नुसतं बघायला उघडलेली फाइल मिटतानाही सेव्ह करायचं का विचारते. शिवाय अनडू केलं की सळयांबरोबर आठवणही मागे जाते. बाराची सळई काढली, अनडू केली, तर पुढच्या वेळी दहाच सुचवले जातात. मला हे योग्य वाटतं: जी सळई काढलीच नाही असं ठरलं, तिचा व्यास कशाला आठवायचा? पण मेमरीतल्या व्हेरिएबलला अनडू लागत नाही. अर्धी उत्तरं एकीकडे आणि अर्धी दुसरीकडे ठेवली तर एका अनडूने ती एकमेकांशी विसंगत होतात.

आता आठवणीच्या धोक्याकडे. ऑटोकॅडमध्ये स्पेस बार म्हणजे एंटर, आणि रिकाम्या कमांड लाइनवर एंटर म्हणजे मागचीच कमांड पुन्हा. मुरलेल्या ड्राफ्ट्समनचा डावा अंगठा स्पेस बारवर टेकलेलाच असतो. आठवण असलेली लिस्प त्याच्या हाती दिली की टक, टक, टक, टक, टक: एक टक कमांडला, चार उत्तरांना. कोनी कंसातला आकडा त्याने वाचलाच असेल असं नाही. बहुतेक वेळा वाचलेला नसतो.

समजा स्लॅबला बाराची सळई १५० मिमीवर हवी होती आणि आठवणीत दहाची होती. बारा मिमी सळईचं क्षेत्रफळ ११३ चौरस मिमी. १५० वर बसवली की मीटरभर रुंदीत ७५४ चौरस मिमी स्टील पडतं. दहाची तशीच बसवली तर ५२४. म्हणजे एका टकीत तीस टक्के स्टील कमी. ड्रॉइंगवर दोन्ही रेघा सारख्याच दिसतात. चूक दिसेल ती शेरा वाचणाऱ्याला, किंवा बार बेंडिंग शेड्यूल करताना व्यासाच्या वर्गाला १६२ ने भागून वजन काढणाऱ्याला. तिथं मीटरला ०.८९ किलोऐवजी ०.६२ येतं. तिथंही निसटली तर साइटवरचा फिटर ड्रॉइंगात लिहिलंय तेच बांधणार.

विसरभोळी लिस्प वेळ खाते, पण निदान प्रत्येक वेळी विचार करायला लावते. म्हणून आठवण देताना काही पथ्यं पाळावीत असं माझं ठाम मत आहे. आठवलेला आकडा दाखवल्याशिवाय कधीही वापरू नये. उत्तरं एका ओळीत दाखवून ‘१२ @ १५०, कव्हर २०, बदलायचं?’ असा एकच प्रश्न विचारणं हे चार वेगळ्या एंटरांपेक्षा बरं, कारण ती ओळ वाचली जाते. आणि ज्या उत्तराची चूक इमारतीला भोवेल ते ऑटोकॅड नव्याने सुरू झाल्यावर पहिल्या वेळी कोरंच विचारावं, त्यानंतर सुचवावं. शेवटच्या पथ्याला वापरणाऱ्यांचा विरोध होतो. होऊ द्यावा.

शिळी आठवण हा आणखी एक प्रकार. साठवताना खरी असलेली गोष्ट वाचताना खरी उरलेली नसते. आठवणीत लेअरचं नाव आहे, पण या ड्रॉइंगमध्ये तो लेअर नाही. ब्लॉकच्या फाइलचा पत्ता आहे, पण सर्व्हर बदललाय. अंतर १५० आहे, पण ते मिलिमीटरमध्ये साठवलेलं आणि समोरचं ड्रॉइंग मीटरमध्ये. सळया दीडशे मीटरवर पडतात, स्क्रीनवर एकच दिसते, आणि माणूस म्हणतो लिस्प बिघडली. ऑटोकॅड एककाची नोंद ठेवतं, इन्सयुनिट्समध्ये ४ म्हणजे मिलिमीटर, ६ म्हणजे मीटर, १ म्हणजे इंच. आकड्याबरोबर हा अंकही साठवला की वाचताना गुणाकार करता येतो. लेअर असल्याची खात्री करायला आणि फाइल शोधायला एकेक फंक्शन आहे. आठवणीतून आलेलं उत्तर अनोळखी माणसाने दिलेल्या उत्तराइतक्याच कसोशीने तपासावं. मुख्य सळयांचं अंतर मानकाप्रमाणे ३०० मिमीच्या वर जात नाही. आठवणीतून ३५० आलं तर ते फेकून मूळ आकड्यावर यावं.

डायलॉग बॉक्सचं थोडक्यात. ते लिहिण्याची भाषा ऑटोकॅडच्या बाराव्या रिलीजबरोबर १९९२ मध्ये आली. तिथं एकच नियम सांभाळायचा: ओके दाबलं तरच साठवायचं. कॅन्सल दाबणाऱ्याने मधे केलेली खाडाखोड लक्षात ठेवणं हा आगाऊपणा. डायलॉग बंद करणारं फंक्शन एक भेटही देतं, बंद होताना तो पडद्यावर कुठं होता ती जागा. ती साठवून पुढच्या वेळी उघडताना दिली की डायलॉग सरकवलेल्या जागीच उघडतो. फार कमी लिस्पमध्ये ही सोय दिसते आणि जिथं दिसते तिथं लिहिणाऱ्याबद्दल आदर वाटतो.

सेटिंग्ज साठवण्याची एक वाट मात्र मी कुणालाही सुचवणार नाही. काही जण उत्तरं लिस्पच्याच आज्ञांच्या रूपात एका फाइलमध्ये लिहितात आणि पुढच्या वेळी ती फाइल लोड करतात. काम होतं, पण लोड करणं म्हणजे चालवणं; त्या फाइलमध्ये दुसऱ्या कुणी काही लिहिलं तर तेही चालतं. हे नुसतं भय नाही. २०१२ च्या जूनमध्ये इसेट या कंपनीने ‘मेड्रे’ नावाचा किडा उघडकीस आणला, ऑटोलिस्पमध्येच लिहिलेला. ड्रॉइंगच्या फोल्डरमधली ठरावीक नावाची लिस्प फाइल ऑटोकॅड आपणहून लोड करतं, याचा फायदा घेऊन तो पसरत होता आणि उघडलेली ड्रॉइंग चीनमधल्या ईमेल पत्त्यांवर पाठवत होता. सर्वाधिक लागण पेरू देशात झाली होती. २०१४ च्या आवृत्तीपासून ऑटोकॅड विश्वासातल्या फोल्डरांबाहेरची फाइल लोड करण्याआधी विचारतं. सेटिंग्जच्या फाइलमध्ये साधा मजकूर ठेवा आणि ती वाचा, चालवू नका.

राहिला बार मार्क. प्रत्येक प्रकारच्या सळईला ड्रॉइंगवर क्रमांक देतात आणि शेड्यूलमध्ये तोच येतो. लिस्पने पुढचा क्रमांक आपणहून द्यावा, ही मागणी हमखास येते. इथं शेवटचा क्रमांक रजिस्ट्रीत ठेवणं सर्वांत वाईट: शेजारच्या टेबलावरच्या माणसाने त्याच ड्रॉइंगमध्ये चार सळया वाढवल्या की तुमची आठवण मागे पडते आणि एकाच क्रमांकाच्या दोन वेगळ्या सळया साइटवर जातात. म्हणून काहीच न आठवता ड्रॉइंगमधल्या सगळ्या टॅगांवरून नजर फिरवायची, सर्वांत मोठा क्रमांक घ्यायचा आणि एक मिळवायचा, हे पुष्कळ बरं. पण त्यातही एक फट राहते. ड्रॉइंग साइटवर गेल्यावर रिव्हिजनमध्ये शेवटची सळई, समजा २७ क्रमांकाची, रद्द झाली आणि पुसली. नजर फिरवणाऱ्या लिस्पला आता सर्वांत मोठा क्रमांक २६ दिसतो आणि नव्या, वेगळ्या आकाराच्या सळईला ती पुन्हा २७ देते. इकडे फिटरकडच्या जुन्या शेड्यूलप्रमाणे २७ कापून तयार पडलेली असते. तेव्हा आजवर दिलेला सर्वांत मोठा क्रमांक ड्रॉइंगच्या एक्सरेकॉर्डमध्येही ठेवावा लागतो, आणि पुढचा क्रमांक देताना दिसणारा व आठवणारा यांतला जो मोठा असेल त्यात एक मिळवायचा.